डाव घोषित करण्याचे गणित

डाव घोषित करणारा कर्णधार जिंकला की धाडसी ठरतो आणि हरला की आततायी. निकाल हाती आल्यावर दिलेला हा न्याय सोयीचा असला तरी गणिताला मान्य होणारा नाही. निर्णयाची पारख तो घेतला त्या क्षणी ठाऊक असलेल्या गोष्टींवरून करावी लागते. संभाव्यतेचा साधा हिशेब त्यासाठी पुरेसा आहे.

नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या रणजी सामन्यात महाराष्ट्राने २९७ धावा करून बडोद्याला १४५ धावांत रोखले. दुसरा डाव ७ बाद ४६४ वर घोषित करून बडोद्यापुढे ६१७ धावांचे लक्ष्य ठेवले. बडोद्याचा डाव १७७ धावांत आटोपला आणि महाराष्ट्र ४३९ धावांनी विजयी झाला. रणजी स्पर्धेत तोपर्यंतचा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ३७८ धावांचा होता. तो रेल्वेने २०२४ मध्ये त्रिपुराविरुद्ध केला होता. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील विक्रमही पश्चिम विभागाच्या ५४१ धावांचा, २०१० च्या दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यातील. म्हणजे पराभवाची शक्यता जवळपास शून्यावर आली होती. मात्र अशी सुरक्षितता फुकट मिळत नाही. फलंदाजीत घालवलेले प्रत्येक षटक प्रतिस्पर्ध्याला बाद करण्यासाठी उरलेल्या वेळातून वजा होते.

ही किंमत मोजण्याचे माप गुणपद्धतीत आहे. त्या हंगामात साखळी सामन्यात निर्णायक विजयाला ६ गुण होते. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३, पिछाडीवरच्या संघाला १ आणि पराभूत संघाला शून्य. आघाडीवरील संघ अनिर्णित निकालाऐवजी जिंकला तर ३ गुण वाढतात, हरला तर तेवढेच जातात. त्यामुळे लवकर डाव घोषित केल्याने विजयाची शक्यता जेवढी वाढते, त्यापेक्षा पराभवाची शक्यता कमी वाढत असेल, तर तो निर्णय फायद्याचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लगेच डाव सोडल्यास विजयाची शक्यता ५० टक्के, अनिर्णितची ४० आणि पराभवाची १० टक्के आहे. तासाभराने सोडल्यास हेच आकडे ३५, ६३ आणि २ होतात. पहिल्या पर्यायात सरासरी ४.२ गुण अपेक्षित आहेत, दुसऱ्यात सुमारे ४. पराभवाची शक्यता पाचपट असूनही पहिला पर्याय सरस ठरतो.

पिछाडीवरील संघाचे गणित आणखी वेगळे. लक्ष्याचा पाठलाग करताना तो जिंकला तर ५ गुण जास्त मिळतात, हरला तर एकच जातो. सामना वाचवणे हमखास शक्य असले तरी विजयाची शक्यता सहात एकापेक्षा जास्त असेल, तर धोका पत्करणेच शहाणपणाचे.

बाद फेरीत मात्र हेच धाडस निरर्थक ठरू शकते. तिथे अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीवर विजेता ठरतो. नागपूरला २०२५ मध्ये झालेल्या अंतिम सामन्यात विदर्भाकडे केरळविरुद्ध ३७ धावांची आघाडी होती. दुसऱ्या डावात विदर्भाने ९ बाद ३७५ पर्यंत फलंदाजी केली, डाव घोषित केलाच नाही आणि करंडक जिंकला. डाव सोडून मिळवण्यासारखे काही नव्हते, गमावण्यासारखे मात्र होते.

याउलट गाजलेले उदाहरण गॅरी सोबर्सचे. मार्च १९६८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन कसोटीत त्याने दुसरा डाव २ बाद ९२ वर घोषित केला आणि इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावांचे आव्हान दिले. इंग्लंडने तीन चेंडू राखून ते पार केले आणि सोबर्सवर टीकेची झोड उठली. पण सामना तीन चेंडू आधी संपला असता, तर निर्णय बरोबर ठरला असता काय? खरा आक्षेप वेगळाच आहे. चार्ली ग्रिफिथ दुखापतीमुळे गोलंदाजी करू शकणार नाही, हे डाव सोडतानाच माहीत होते. विजयाची शक्यता तेव्हाच घटलेली होती.

हे टक्के अर्थातच अंदाजाने मांडलेले असतात. खेळपट्टी, प्रकाश आणि गोलंदाजांचा थकवा अचूक मोजता येत नाही. तरीही किती शक्यता पुरेशी आहे, हे गुणतक्ता आधीच सांगतो. कर्णधाराला ठरवायचे असते ते एवढेच, की आपला संघ त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे.