निघून जाणारे ताई-दादा

राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाचं वर्ष जुलैअखेरीस सुरू होतं आणि फेब्रुवारीत आटोपतं. मध्ये सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी, सात दिवसांचं निवासी शिबिर. वर्षाला १२० तास भरायचे, त्यातले वीसेक उद्बोधनाचे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ही योजना सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी मुलामुलींनी श्रमदानाचं पहिलं घमेलं तिच्या शिबिरात उचललं. बंधारा, शोषखड्डा, झाडं लावणं या कामांना हे वेळापत्रक चालून जातं. बंधारा बांधला की तो तिथंच राहतो. दहा ते सोळा वयाच्या मुलांबरोबर काम करायचं ठरलं की मात्र हेच वेळापत्रक आडवं येतं. पुण्यातल्या वस्त्यांमध्ये संध्याकाळी वाचन आणि खेळाचे वर्ग घेणाऱ्या विद्यार्थ्यांची तयारी मी करून घेते, ती म्हणूनच कॅलेंडरपासून सुरू होते.

फळ्यावर महिने लिहायचे आणि आपण येऊ शकणार नाही त्या संध्याकाळी ज्यानं त्यानं पुढं येऊन खोडायच्या. गणपतीआधीचे आठवडे ढोलपथकाच्या सरावात जातात. वसतिगृहातली मुलं दिवाळीला गावी जातात. प्रॅक्टिकल, सबमिशन, लेखी परीक्षा. खोडून उरतं ते बघून नव्या मुलांचे चेहरे उतरतात, पण हे त्यांनी आधीच बघायला हवं. उरलेल्या तारखा कार्डशीटवर उतरवून तो तक्ता पहिल्या दिवशी वर्गाच्या भिंतीवर लावायचा. वस्तीतली मुलं तो नीट वाचतात. दादा आज का आला नाही, याचं उत्तर त्यांना भिंतीवर सापडलं तर ती पुढच्या वेळी येतात. सापडलं नाही, तर बरीच मुलं ते स्वतःवर ओढून घेतात: आपण दंगा केला म्हणून दादा येईनासा झाला.

मग वाचनाची चाचणी. ‘प्रथम’च्या ‘असर’ सर्वेक्षणात २००५पासून वापरतात तशा कागदावर अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. सुरुवात उताऱ्यापासून. तो जमला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्दांकडे, मग अक्षरांकडे यायचं. रीत तासाभरात समजते. खरा वेळ जातो तो मुलाशेजारी बसण्यात. समोर नाही बसायचं, शेजारी, एकाच सतरंजीवर, आणि बाकीच्या मुलांना ऐकू जाणार नाही इतकं दूर.

याचा सराव आम्ही नाटक करून घेतो. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी सातवीतला मुलगा होते. त्याला जोडाक्षर आलं की वाचता येत नाही, आणि हे वर्गात कुणाला कळू नये यासाठी तो काहीही करायला तयार असतो. तो म्हणतो डोकं दुखतंय. मग आवाज काढून दाखवतो, मागच्याला चापट मारतो, पहिला शब्द ओळखून पुढचं वाक्य अंदाजानं ठोकून देतो. नवा स्वयंसेवक दोन-तीन सेकंदांत शब्द पुरवतो, नाहीतर मायेनं म्हणतो, “अरे वाच की, सोपं आहे!” तिथं नाटक थांबतं आणि मी सातवीतल्या मुलाला विचारते, आता काय वाटलं? उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: सोपं असूनही मला येत नाही, म्हणजे मी ढच. पुन्हा पहिल्यापासून. या वेळी स्वयंसेवकानं मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि गप्प राहायचं. महाविद्यालयात शिकणाऱ्या, चटकन उत्तर देण्याबद्दल आयुष्यभर शाबासकी मिळवलेल्या मुलांना ते दहा आकडे फार जड जातात. मला ही मुलं आवडतात ती याच वेळी, ओठ घट्ट मिटून कागदाकडे बघत बसलेली.

सगळ्यात जास्त वेळ मात्र मी एका वाक्यासाठी राखून ठेवते. ओळख वाढली की तेरा-चौदा वर्षांची एखादी मुलगी म्हणते, “ताई, एक सांगू? पण कुणाला सांगायचं नाही हं.” अठरा-एकोणीस वर्षांच्या ताईच्या तोंडून लगेच “शप्पत” निघतं. ती शपथ तिला पाळता येणार नाही. २०१२च्या पोक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून आम्ही दुसरं बोलणं घोकतो: “तुझं बोलणं मी इकडेतिकडे करणार नाही. पण तुला धोका असेल, तर मदतीसाठी मला मोठ्या माणसाला सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला सांगेन.” हे दोघादोघांनी डोळ्यांत बघून, मोठ्यानं म्हणायचं, जीभ अडखळायची थांबेपर्यंत. पुढे खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, घरच्यांना जाऊन जाब विचारायचा नाही, त्याच दिवशी कार्यक्रम अधिकाऱ्याला गाठायचं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक प्रत्येकाच्या वहीच्या पहिल्या पानावर असतो. एवढं ऐकून कुणी म्हणालं, मला हे झेपणार नाही, तर त्याला तक्ते आणि पुस्तकपेटीचं काम देते. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि तसं सांगण्यालाही धैर्य लागतं.

फोटोंचा नियम मी चर्चेला ठेवतच नाही. मुलांचे फोटो स्टेटसवर जाणार नाहीत, बस.

जाण्याची तयारी शेवटी करून भागत नाही. दुसऱ्या वर्षाचा एक आणि पहिल्या वर्षाचा एक अशी जोडी प्रत्येक गटाला देतो, कारण योजनेतली नोंदणी दोन वर्षांची असते. थोरला गेला तरी धाकटा राहतो, आणि पुढच्या जुलैत तोच थोरला होतो. शेवटच्या दोन आठवड्यांत थोरल्यानं नवं काही शिकवायचं नाही. गटाची वही पुरी करायची: कोण शब्दांवरून उताऱ्यावर आलं, कुणाला चित्रांची पुस्तकं हवीत, कोण कुणाशेजारी बसलं की वाचतं. घरातली भांडणं, वडिलांची दारू, हे वहीत लिहायचं नाही. आणि निरोप घेताना “परत येईन” म्हणायचं नाही, अगदी रडू आलं तरी. येणं जमलं तर यावं, मुलांना आनंदच होईल. पण वाट बघायला लावू नये.

एवढं करूनही एका गोष्टीपुढे माझा इलाज चालत नाही. महाविद्यालयातला कार्यक्रम अधिकारी काही वर्षांनी बदलतो, आणि नवा आला की पुष्कळदा दत्तक वस्तीही बदलते. नवी वस्ती, नवा फलक, अहवालात नवं पान. जोडीतला धाकटा भिंतीवरच्या तक्त्यासकट दुसरीकडे पाठवला जातो. प्राचार्यांना भेटते तेव्हा निधी, खोली, बॅनर यांतलं मी काही मागत नाही. वस्ती पाच वर्षं तरी बदलू नका, एवढंच मागते. आज दहा वर्षांचं असलेलं मूल पंधरा वर्षांचं होईपर्यंत.