खाडीतले शिकारी (भाग ६) : जिताडा आणि तांबोशी

गेल्या आठवड्यात कांदळवनातल्या भरती-ओहोटीचं गणित पाहिलं. त्या गणितावर पोट भरणारे दोन मासे आज घेऊ. कोकणात रॉड-रीळ घेऊन गरवणाऱ्यांच्या गप्पा फिरून फिरून त्यांच्याशीच येतात. गोव्यात त्यांनाच चणक आणि तामसो म्हणतात.

ओळखायला अवघड नाहीत. जिताड्याचं कपाळ डोळ्यांवर खोलगट, तोंडाची फट डोळ्याच्याही मागे गेलेली, शेपटी गोल; रात्री बॅटरी मारली की डोळे लाल चमकतात. तांबोशी भरीव अंगाची, विटकरी, शेपटीची कड जवळजवळ सरळ. तिला सुळे असतात. जिताड्याचे दात नुसते खरखरीत, पण कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार, आणि दोरी बहुतेक वेळा तिथेच कापली जाते.

जिताडा भक्ष्य चावत नाही, आत ओढतो. तोंड झटक्यात उघडलं की पाण्याबरोबर कोळंबी किंवा बोयही आत जाते. वरच्या पाण्यात हे घडलं तर ‘भप्प’ असा आवाज येतो. ओहोटीला खारबांधाच्या उघाडीतून पाणी सुटतं, तिथे प्रवाहाच्या कडेला तो दबा धरतो. गळाला लागला की उसळून हवेत डोकं झाडतो. दोरी ढिली पडली तर गरी सुटलीच म्हणायची.

तांबोशीला असला तमाशा आवडत नाही. तिवरांची मुळं, जेटीचे खांब, बुडालेली होडी अशा आडोशातून ती येते, घास घेते आणि आल्या वाटेने वळते. पहिल्या दोन-तीन क्षणांत थोपवली तर ठीक, नाहीतर मुळांत अडकलेली दोरी सोडवत बसा. माझं मत विचाराल तर किलोला किलो तांबोशीच सरस. जिताड्याची निम्मी कीर्ती उड्यांची आहे, उरलेली पेण-अलिबागच्या स्वयंपाकघरांची.

आता त्यांचं आयुष्य पाहा. जिताडा गोड्या पाण्यातही मजेत वाढतो, म्हणून तर रायगडात त्याची पिल्लं तळ्यांत सोडून पोसतात. वीण मात्र खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखाशी. बहुतेक जिताडे नर म्हणून वयात येतात आणि साधारण पाच-सात वर्षांनी, लांबी मीटरभराच्या आसपास पोचली की, माद्या होतात. दहा-बारा किलोचा ‘बाप जिताडा’ म्हणून ज्याचा फोटो फिरतो, ती बहुधा आई असते! ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या पूर्व किनाऱ्यावर ५८ सें.मी.पेक्षा लहान बरामुंडी, म्हणजे आपलाच जिताडा, ठेवता येत नाही. तसाच १२० सें.मी.पेक्षा मोठाही नाही.

तांबोशी लिंग बदलत नाही. खाडीतलं तिचं बिऱ्हाड पोरवयापुरतं. काही वर्षांनी ती समुद्रात खडकाळ तळाकडे जाते, कधी शंभर मीटर खोलीपर्यंत. वीण समुद्रातच होते. तीस वर्षांहून अधिक जगू शकणाऱ्या या माशाचं खाडीतलं किलोभर वजन म्हणजे अजून एकदाही न व्यालेलं पोर.

‘लहान सोडा, मोठा ठेवा’ हा सरधोपट नियम तांबोशीला लागू पडतो. जिताड्याच्या बाबतीत मोठाही सोडावा लागतो. आणि सोडायचाच तर त्याला जबड्याला धरून उभा लटकवू नका. दोन्ही हातांनी आडवा धरा, शक्यतो पाण्यातच. तांबोशीच्या तोंडातली गरी पक्कडीनेच काढा. तिथे बोट घालायचं नाही.

पुढच्या आठवड्यात रावस.