जुन्या गाडीच्या स्टील पट्ट्या कशा उजळतात

१९५७ सालच्या शेव्हरोले बेल एअरच्या अंगावर पुढच्या मडगार्डपासून शेपटापर्यंत जी चकचकीत पट्टी जाते, तिला बहुतेक जण क्रोम म्हणतात. बंपर क्रोमचे असतात. ही पट्टी मात्र स्टेनलेस स्टीलची. क्रोमचा मुलामा झिजला की नव्याने चढवावा लागतो. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम धातूतच मिसळलेले असते. हवा लागली की त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर पृष्ठभागावर तयार होतो आणि गंज रोखतो. घासून काढला तरी पुन्हा धरतो. अमेरिकेतल्या अलेघनी स्टील (पुढे अलेघनी लडलम) या पोलाद कंपनीने १९३६ साली फोर्डबरोबर सहा गाड्यांची अख्खी बॉडी स्टेनलेसची केली होती. त्यांतल्या काही अजून शाबूत आहेत.

पट्टी कशाची आहे ते आधी पाहा. तिची पाठ गंजलेली असेल, तर ते मुलामा दिलेले साधे लोखंड. हाताला फारच हलकी लागली, तर ॲल्युमिनियम. बेल एअरच्या मागच्या बाजूला पट्ट्यांच्या मधला रेघारेघांचा पत्रा ॲल्युमिनियमचाच आहे, त्याला बफ (पॉलिशचे फिरते चाक) लावू नका. लोहचुंबकावर विसंबू नका. काही स्टेनलेसलाही तो चिकटतो. पट्टी काढताना स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. दाराचे आतले आवरण काढून नट आणि क्लिपा मागून सोडवाव्यात.

खरे काम पोचे काढण्याचे. लोक थेट बफकडे धावतात आणि पोचा आरशासारखा चमकवून ठेवतात! पट्टी पालथी करून गुळगुळीत, कठीण लाकडावर ठेवा. छोट्या हातोडीने किंवा बोथट पंचाने पोच्याच्या कडेकडून मध्याकडे हलकेहलके ठोका. जोराचा एक घाव बसला की पत्रा ताणला जाऊन बाहेर फोड येते आणि ताणलेला पत्रा परत बसवणे फार जिकिरीचे. मग पट्टी सुलटी करून तेवढ्या भागावर काळ्या मार्करने रंग भरा आणि ठोकळ्याला गुंडाळलेल्या पॉलिश पेपरने घासा. उंचवटे पांढरे होतात, खळगे काळेच राहतात. काळे दिसेल तिथे पुन्हा मागून ठोका. सगळे काळे केवळ घासून घालवायचा मोह टाळा, कारण पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो.

पुढे पाणी लावून ४००, ६००, १००० नंबरचे पेपर. दर वेळी दिशा बदलावी, म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते कळते. मग खरखरीत सिसल बफ आणि शेवटी सुती बफावर हिरव्या पॉलिशची वडी.

इथे जपा. फिरते चाक पट्टीची कड पकडून ती भिरकावते. लांब पट्टी लाकडी फळीवर घट्ट बसवा, चाकाच्या मध्याच्या खालच्या बाजूला धरा, मधून खालच्या कडेकडे घासा, वरच्या कडेला चाक लागू देऊ नका. गॉगल हवाच. फार दाबलेत तर पत्रा तापून पिवळा-निळा पडतो.

शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन पुसा. लोखंडी घासणी वापरू नका, तिचे कण रुतून गंजतात. बाथरूमचे ॲसिडही नको, त्याने बारीक खड्डे पडतात. वाकलेली मूळ पट्टी भंगारात देण्याआधी हे एकदा करून पाहा.