पाषाणातील भूगोल

जडाव आणि उठाव

रंगीत पाषाणांच्या पातळ चकत्या सांधा दिसू न देता बसवणे हे जडावकाम, ज्यासाठी फ्लॉरेन्सच्या मेडिची घराण्याने १५८८ मध्ये खास कारखाना काढला. भूपृष्ठाचे चढउतार शिळेतच कोरून काढणे हे उठावकाम.

भिंतीवर : रोम

• सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या अमदानीत, इ. स. २०३ ते २११ च्या दरम्यान, १५० संगमरवरी शिळांवर रोम शहराचा जो नकाशा कोरला गेला, त्याची रुंदी सुमारे १८ मीटर, उंची १३ मीटर आणि प्रमाण अदमासे १:२४० होते. हा नकाशा ज्या भिंतीवर होता ती अद्याप उभी आहे, परंतु नकाशाचा फार थोडा अंश हाती लागला, ही हानी मोठीच.
• १९३४ मध्ये मॅक्सेंटियसच्या बॅसिलिकेच्या भिंतीवर साम्राज्यविस्ताराचे चार संगमरवरी नकाशे बसवले गेले : रोमन मुलूख पांढरा, बाकीचा काळा.

जमिनीवर

• लिस्बन, १९६० : ५० मीटर व्यासाच्या दिशाचक्राच्या मध्यभागी १४ मीटर रुंदीचा जगाचा नकाशा.
• वाराणसी : मकराण्याच्या संगमरवरातील अखंड भारताचा उठावाचा नकाशा असलेले भारतमाता मंदिर, १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते उद्घाटन. ही कल्पना मंदिर उभारणारे शिवप्रसाद गुप्त यांना सुचली ती पुण्यात, अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमातील मातीचा नकाशा पाहून.