तीन मिनिटांत गोंधळ मावतो का? टीव्हीच्या ‘लिटिल चॅम्प्स’नं लोकसंगीताला काय दिलं, काय राहून गेलं

खेड तालुक्यातली आळंदी माउलींच्या समाधीमुळे सगळ्यांना माहीत आहे. २००९ च्या फेब्रुवारीत मात्र आळंदीचं नाव आणखी एका कारणानं घराघरात पोचलं. झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ची महाअंतिम फेरी ८ फेब्रुवारीला झाली आणि आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली. शाळकरी वयातली ही मुलगी अभंग, गवळण अशी गाणी खड्या आवाजात म्हणायची. वारकरी घरांना ही गाणी नवी नव्हती. पण टीव्हीवर, गुण देणाऱ्या परीक्षकांसमोर, मोठ्या वाद्यवृंदासोबत ती पहिल्या नंबराला जातात, हे नवीन होतं.

त्यानंतर गावोगावच्या स्नेहसंमेलनांत, गणेशोत्सवात आणि जत्रांच्या स्टेजवर लहान मुलं गवळणी म्हणताना दिसू लागली. मग लोकसंगीत टीव्हीनं वाचवलं का? या प्रश्नाचं उत्तर अर्धं ‘हो’ आहे. उरलेलं अर्धं आपल्या गावांच्या हातात आहे. ते कसं, ते समजून घेऊ.

टीव्हीच्या आधी काय होतं?

लोकगीतं टीव्हीमुळे जन्माला आली नाहीत, आणि गाजलीही पहिल्यांदा टीव्हीमुळे नाहीत. तबकड्या, मग रेडिओ, मग कॅसेट असा त्यांचा प्रवास आधीच झाला होता. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली भक्तिगीतं कॅसेटवरून एसटी स्टँडपासून रसवंतीपर्यंत वाजत होती. शाहीर साबळे यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’नं गोंधळ, भारूड, वाघ्या-मुरळी, कोळीनृत्य हे सगळं शहरातल्या नाट्यगृहात नेलं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि तिथंही लोककलांना जागा मिळाली.

फरक पडला तो १९९९-२००० नंतर. अल्फा मराठी (पुढे झी मराठी) आणि ई टीव्ही मराठी (पुढे कलर्स मराठी) या खासगी वाहिन्या आल्या. गावात आधी केबल आणि मग घरावर डिश आली. भारनियमनाचे ते दिवस होते. तरी लाइट असली की रात्री जेवणं उरकून सगळं घर एकाच टीव्हीपुढे बसायचं. आजी, सून, नातवंडं मिळून एकच कार्यक्रम बघत. त्यामुळे आजीला पाठ असलेली गवळण नातवानं टीव्हीवर ऐकली आणि आजीकडे वळून विचारलं, ‘तुला येते का गं ही?’ असं घडायला जागा तयार झाली.

‘लिटिल चॅम्प्स’चंच नाव का निघतं?

याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण म्हणजे स्पर्धक. अंतिम फेरीतली पाच मुलं ‘पंचरत्न’ म्हणून ओळखली गेली. त्यांत कार्तिकी आळंदीची, रोहित राऊत लातूरचा, प्रथमेश लघाटे रत्नागिरी जिल्ह्यातला, मुग्धा वैशंपायन अलिबागची आणि आर्या आंबेकर पुण्याची. मुंबईतलं यात कुणीच नाही. ‘आपल्याकडची पोरं’ टीव्हीवर दिसली की गाव कार्यक्रमाशी बांधलं जातं.

दुसरं कारण मतदान. आवडत्या गायकाला एसएमएस करायचा, हा प्रकार तेव्हा नवलाईचा होता. गावात मोबाईल नुकतेच हातोहाती आले होते. ऐकणारा माणूस मतदारही झाला.

तिसरं कारण परीक्षक. वैशाली सामंत आणि अवधूत गुप्ते या दोघांचं नाव ‘ऐका दाजीबा’मुळे आधीच घरोघरी झालेलं होतं, म्हणजे ठसकेबाज मराठी गाण्याशी जोडलेलं. त्यामुळे खड्या आवाजातलं गाणं त्या मंचावर परकं वाटलं नाही. गुणही आकड्यांत नव्हे, सुरांत मिळायचे. ‘ध’, ‘नी’, आणि फारच छान झालं तर ‘वरचा सा’. नाट्यगीत असो की गवळण, मोजायला माप एकच. यातून लोकगीताला प्रतिष्ठा मिळाली. ‘हे तर काय, गावठी गाणं’ म्हणणाऱ्यांच्या घरातही ते कान देऊन ऐकलं गेलं.

अर्थात सगळं श्रेय एका कार्यक्रमाला देणंही बरोबर नाही. त्याच सुमारास ‘जोगवा’ (२००९) आणि ‘नटरंग’ (२०१०) हे सिनेमे आले आणि अजय-अतुल यांच्या संगीतानं लोकसंगीताचा बाज पुन्हा तरुणांच्या तोंडी आणला. लावणीसाठी ‘ढोलकीच्या तालावर’सारखा स्वतंत्र कार्यक्रमही टीव्हीवर झाला. टीव्ही, सिनेमा आणि मोबाईलची रिंगटोन या तिघांनी मिळून ती लाट तयार केली.

टीव्हीवर जाताना गाण्याचं काय होतं?

गोंधळाचं उदाहरण घ्या. लग्नानंतर किंवा कुलाचार म्हणून घरी गोंधळ घालतात तेव्हा तो रात्रभर चालतो. चौक मांडला जातो, दिवटी पेटते, गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावणं केलं जातं. हा झाला पूर्वरंग. मग उत्तररंगात नायक आख्यान लावतो. मध्येच विनोद होतो, साथीदार त्याला उलट प्रश्न विचारतो, बायाबापड्या हसतात, पहाटे आरती होते. साथीला संबळ आणि तुणतुणं.

टीव्हीवर गाण्याला मिळतात तीन-चार मिनिटं. त्यात बसतं ते गोंधळातलं एक गीत. चौक नाही, आख्यान नाही, साथीदाराचा खट्याळपणाही नाही. गीत लोकांना आवडतं, पाठ होतं, पण गोंधळ म्हणजे तेवढंच गाणं असा समज होतो.

भारुडाचंही तसंच. संत एकनाथांनी १६ व्या शतकात भारुडं रचली ती सोंग घेऊन, सवाल-जवाब करून, शेवटी अर्थ उलगडून सांगण्यासाठी. वरवर विंचवाची नाहीतर सासू-सुनेची गोष्ट, आत उपदेश. अर्थ सांगायला वेळच नसेल तर राहते फक्त गंमत.

गवळणीचं जरा वेगळं आहे. ती भजनातही असते आणि तमाशातही. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. गवळण मुळातच सुटी म्हणता येते, चाल सोपी, ठेका पकडणारा. म्हणून टीव्हीवर ती सगळ्यात आधी रुळली. म्हणजे टीव्ही जे निवडतो ते सगळ्यात चांगलं असतंच असं नाही. सुटं करता येईल ते तो निवडतो.

वाद्यांचा मुद्दाही आहे. संबळ म्हणजे जोडीनं बांधलेली दोन वाद्यं, त्यातल्या एकावर टोकाला वाकलेल्या काडीनं वाजवतात. तो आवाज उघड्यावर दूरवर जावा यासाठी घडलेला आहे. वाघ्या-मुरळीची दिमडी, शाहिराचा डफ, हलगी, सगळ्यांचं तेच. मोठ्या वाहिन्यांच्या मंचावर खरे वादक बोलावले जातात, तिथं हे आवाज नीट ऐकू येतात. पण तेच गाणं गावच्या ऑर्केस्ट्रात उतरतं तेव्हा एक कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड मिळून सगळं काम भागवतात. गाणं राहतं, वाजवणारा घरी बसतो.

पैसा आणि नाव कुणाला?

खरी अडचण इथं आहे. पारंपरिक गाण्यावर कुणा एकाचा मालकी हक्क नसतो, ते सगळ्यांचं. त्यामुळे टीव्हीवर किंवा यूट्यूबवर ते गाजलं तरी, ज्या घराण्यानं ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं त्यांच्याकडे त्यातलं काही येतंच असं नाही. गायकाला नाव मिळतं आणि ते त्याच्या मेहनतीचं असतं. मागं उभ्या असलेल्या तुणतुणेवाल्याचं नाव मात्र पडद्यावर क्वचितच येतं.

कायद्यात एक आधार आहे, तो फार कलावंतांना माहीत नसतो. १९९४ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्त्याचा हक्क’ आला. गाणं जुनं असलं तरी ते सादर करणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याचं सादरीकरण मुद्रित करून धंद्यासाठी वापरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं व्यावसायिक वापरातून मिळणाऱ्या मानधनाचा मुद्दाही त्यात आला. जत्रेत कुणी कॅमेरा घेऊन आला आणि कार्यक्रम चॅनेलवर टाकणार असेल, तर आधी दोन ओळींचा लेखी करार मागणं हा कलावंताचा उद्धटपणा नाही, हक्क आहे.

आपल्या तालुक्यांचा संबंध काय?

पुणे जिल्ह्यासाठी हा विषय लांबचा नाही. आळंदी खेड तालुक्यात. वाघ्या-मुरळीचं माहेर असलेली जेजुरी पुरंदरमध्ये. आणि विठाबाईंचं नारायणगाव जुन्नरमध्ये. गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी तिथं येऊन जत्रेची सुपारी ठरवतात. भजन, जागरण आणि तमाशा, या तिन्हींची मुळं याच जिल्ह्यात खोल गेलेली आहेत.

टीव्हीला नवे गायक याच मातीतून मिळतात. कार्तिकीचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार, घरात रियाज, बाहेर आळंदीतला टाळ-मृदंग. असं वातावरण स्टुडिओत तयार होत नाही. उद्या गावातलं भजनी मंडळ बंद पडलं, जागरणाला पार्टीऐवजी पेन ड्राइव्ह आला, जत्रेत तमाशाऐवजी नुसता डीजे लागला, तर पुढच्या पर्वात गवळण म्हणणारी मुलगी टीव्हीला मिळणार कुठून?

२०२१ मध्ये ‘लिटिल चॅम्प्स’चं नवं पर्व आलं तेव्हा हीच पाच पंचरत्नं परीक्षकांच्या खुर्चीत बसली. बारा वर्षांत स्पर्धकांचे परीक्षक झाले. मंचावर एक पिढी तयार झाली, हे खरंच. तशीच पिढी संबळ आणि दिमडी वाजवणाऱ्यांचीही तयार व्हायला हवी, आणि तिच्यासाठी कुणी ऑडिशन घेत नाही.

गावाला काय करता येईल?

यात्रा कमिटीनं बजेट ठरवताना ऑर्केस्ट्राबरोबर एक रात्र गोंधळ, भारूड किंवा शाहिरीसाठी ठेवता येते. तासाभराचा का होईना, पण गीतापुरता नव्हे, गणापासून आरतीपर्यंत सलग कार्यक्रम व्हावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात टीव्हीवरचं गाणं साउंड ट्रॅकवर लावण्याऐवजी गावातल्याच ढोलकीवाल्याला बोलावलं, तर मुलांना ताल समोर दिसतो. पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर गायकाबरोबर वादकांचीही नावं छापावीत, त्याला खर्च काहीच येत नाही.

वयस्कर कलावंतांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना आहे. २०२४ पासून तिचं मानधन दरमहा ५ हजार रुपये झालं. साधारणपणे वयाची ५० वर्षं पूर्ण असावी लागतात आणि कलेतल्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. इथंच बरेच जण अडतात, कारण आयुष्यभर वाजवलं तरी कागद एकही नसतो. म्हणून यात्रा कमिटीनं, ग्रामपंचायतीनं, शाळेनं कार्यक्रम झाला की कलावंताला सही-शिक्क्याचं पत्र द्यावं. पत्रिका, फोटो, बातमीचं कात्रण जपून ठेवायला सांगावं. योजनेची चौकशी पंचायत समितीत करता येते.

टीव्हीनं गाणं घरात आणलं. गाणं रात्रभर चालवणारी माणसं अजून आपल्या शेजारच्या वाडीवर आहेत. यंदाच्या जत्रेची पहिली मीटिंग होईल तेव्हा त्यांच्यातल्या एखाद्याला बोलावून ‘पार्टी किती जणांची, बिदागी किती’ एवढं विचारलं तरी सुरुवात होईल.