पोराला शॉकअपवाली सायकल घेताय? पैसे देण्याआधी एवढं तपासा

प्रतिनिधी | शाळा सुरू व्हायच्या तोंडावर पोरांचा एकच हट्ट असतो, 'शॉकअपवालीच सायकल पाहिजे.' बाप जास्तीचे पैसे मोजून ती आणतो. मग काही महिन्यांतच शॉकअप कडक झाला, करकर वाजतो, हँडल हलतंय, अशा तक्रारी सुरू होतात. चूक दरवेळी पोराची नसते. शॉकअप नेमकं काय काम करतो, हे आधी समजून घ्यायला हवं.

शॉकअप आला कुठून?
पूर्वी बहुतेक सायकलींना सरळ चिमटा असायचा. डोंगरउतारावर सायकल पळवणाऱ्यांचे हात त्यानं भरून यायचे. अमेरिकेत मोटोक्रॉस गाड्यांवर काम केलेल्या पॉल टर्नर यांनी मोटारसायकलसारखा शॉकअप सायकलसाठी बनवला. रॉकशॉक्सचा हा पहिला शॉकअप जेमतेम पाच सेंटिमीटर दबायचा. १९९० साली कोलोरॅडो राज्यातील दुरँगो येथील जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी रॉकशॉक्स लावूनच उताराची शर्यत जिंकली. पुढं शॉकअप जगभर पसरला.

आत काय असतं?
चांगल्या शॉकअपमध्ये स्प्रिंग किंवा हवा दणका झेलते आणि ऑइल त्याची उसळी आवरतं. स्वस्त सायकलीत बहुतेक वेळा नुसती स्प्रिंग असते. त्यामुळं खड्ड्यातून गेल्यावर चाक उड्या मारतं. शिवाय वजन किलो-दीड किलोनं वाढतं. चढावर उभं राहून पायडल मारलं, की थोडा जोर शॉकअप दाबण्यातच जातो.

म्हणून डांबरी रस्त्यानं शाळेला जाणाऱ्या पोराला साधा चिमटा पुरेसा आहे. तेच पैसे चांगल्या ब्रेकवर आणि टायरवर घातलेले बरे.

घेताना काय बघायचं?
पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवा. खटखट वाजलं तर शॉकअपचे बुश किंवा हँडलची वाटी ढिली आहे. मग हँडलवर अंगाचा भार टाका. शॉकअप न अडकता दबून वर आला पाहिजे. उंची आणि वजनाप्रमाणं सायकल निवडा. हलक्या पोराला कडक स्प्रिंगचा शॉकअप दबतच नाही.

हवेचा शॉकअप असेल, तर पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं हवा भरू नका. आतली जागा लहान असते, दाब एकदम वाढून सील जातं. त्याला काटा असलेला वेगळा छोटा पंप लागतो. सायकलवर बसल्यावर शॉकअप एकूण दबण्याच्या साधारण पाव भाग खाली गेला, की हवा बरोबर समजावी. म्हणजे १०० मिलिमीटरचा शॉकअप २५ मिलिमीटर दबावा.

निगा अशी ठेवा
चिखलातून आल्यावर वरच्या चकचकीत नळ्या फडक्यानं पुसा. रॉकेल, डिझेल मारू नका, सीलचं रबर खराब होतं. धुताना सीलवर पाण्याचा जोराचा फवारा नको. नळीवर ओरखडे, गंज किंवा ऑइलचा ओघळ दिसला, तर वेळीच मिस्त्रीला दाखवा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाकलेला किंवा तडा गेलेला चिमटा वेल्डिंग करून वापरू नका. उतारावर तो तुटला, तर पोरगं थेट तोंडावर पडतं. तिथं पैसे वाचवू नका, चिमटा बदलाच.