परसातील कृत्रिम हिरवळीचे क्रीडांगण : रचना, उभारणी व मर्यादा

प्रस्तावना :

शहरांतील मोकळी मैदाने कमी होत असताना घरामागील परसातच मुलांसाठी छोटे क्रीडांगण तयार करण्याचा पर्याय पुढे येतो. त्यासाठी कृत्रिम हिरवळ, म्हणजेच बोलीभाषेतील 'टर्फ', अंथरली जाते. तिची निवड बहुधा रंग, धाग्याची लांबी व दर पाहून होते. वस्तुतः अशा क्रीडांगणाचे यशापयश डोळ्यांना न दिसणाऱ्या खालच्या थरांवर अवलंबून असते. हे थर कसे रचावेत आणि परसातील जिवंत जमीन त्यांखाली झाकावी काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

कृत्रिम हिरवळ सर्वप्रथम अमेरिकेत वापरात आली. १९६४ मध्ये ऱ्होड आयलंडमधील मोझेस ब्राऊन या शाळेत ती बसविण्यात आली. ह्यूस्टन येथील ॲस्ट्रोडोम या छताखालच्या क्रीडागारात सूर्यप्रकाशाअभावी नैसर्गिक गवत टिकेना, म्हणून १९६६ मध्ये तेथे मॉन्सॅन्टो कंपनीची नायलॉनची हिरवळ अंथरली गेली आणि तिला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव मिळाले. भारतीयांना तिची तीव्र जाणीव १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये झाली. १९७५ चा हॉकी विश्वचषक जिंकलेला भारतीय संघ कृत्रिम पृष्ठभागावरील त्या पहिल्या ऑलिंपिक स्पर्धेत सातव्या स्थानावर राहिला. पृष्ठभाग बदलला की चेंडूचा वेग व खेळाडूची हालचालही बदलते, हे यातून स्पष्ट होते. परसातील क्रीडांगणालाही हाच नियम लागू पडतो.

खेळानुसार निवड :

चेंडूच्या उसळीवर आधारित खेळांसाठी आखूड धाग्याची, वाळू भरलेली हिरवळ योग्य ठरते; फुटबॉलसाठी लांब धागा वापरतात. लांब धाग्यावर चेंडूची उसळी मंदावते, त्यामुळे एकाच हिरवळीवर सर्व खेळ सारखेच चांगले होतील ही अपेक्षा व्यर्थ होय. बॅडमिंटनच्या दुहेरी सामन्याचे क्षेत्र १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद असते. सभोवती थोडी मोकळी जागा धरल्यास १५ × ८ मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर जागा लागते. पुढील विवेचनात हेच माप गृहीत धरले आहे.

उभारणीचे टप्पे :

१) जमिनीची तयारी : महाराष्ट्राच्या पठारी भागातील काळी माती पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर थेट घातलेला थर एक-दोन वर्षांत उंचसखल होतो. म्हणून ही माती शक्य तितकी काढून तिच्या जागी मुरूम भरावा व थराथराने पाणी मारून, धुमसाने किंवा रोलरने दाबून घ्यावा. कोकणातील जांभ्या जमिनीत फुगण्याचा प्रश्न सौम्य असतो. तेथे खरी कसोटी पावसाच्या प्रमाणाची असते.

२) पाण्याचा निचरा : १२० चौरस मीटरवर ५० मिलिमीटर पाऊस पडल्यास ६,००० लिटर पाणी साचते. काळ्या मातीत खोदलेला खड्डा अशा वेळी हौदासारखा भरतो. त्याकरिता घराच्या विरुद्ध दिशेला दर मीटरला १ सेंटिमीटर, म्हणजे ८ मीटर रुंदीत ८ सेंटिमीटर उतार ठेवावा आणि खालच्या कडेला छिद्रे असलेली नळी चरात बसवून पाणी बाहेर काढावे. काळ्या मातीत पाणी संथ मुरते, त्यामुळे केवळ शोषखड्ड्यावर विसंबू नये.

३) पाया : मातीवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरल्याने खडी चिखलात रुतत नाही. त्यावर खडीचा १० ते १५ सेंटिमीटरचा दाबलेला थर आणि वर बारीक कचेचा पातळ थर द्यावा. केवळ १० सेंटिमीटर जाडीसाठीही १२ घनमीटर दाबलेली खडी लागते. अंदाजपत्रकात हा भाग बहुधा कमी धरला जातो. कडेने विटांची अथवा काँक्रीटची पक्की कड बांधावी.

४) हिरवळ अंथरणे : ४ मीटर रुंदीचे दोन पट्टे लांबीने घातल्यास एकच सांधा येतो. दोन्ही पट्ट्यांच्या धाग्यांचा कल एकाच दिशेला असावा. अन्यथा रंगात फरक दिसतो. सांधा पट्टी व गोंदाने कोरड्या हवेत जोडावा. शेवटी कोरडी सिलिका वाळू टप्प्याटप्प्याने पसरून ब्रशने धाग्यांत भरावी. ही वाळू धागा उभा ठेवते आणि हिरवळीला वजन देते.

मर्यादा :

नैसर्गिक गवत बाष्पोत्सर्जनाने थंड राहते. प्लास्टिकला ती सोय नाही. अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात २००२ मध्ये घेतलेल्या नोंदींत कृत्रिम हिरवळीचे कमाल तापमान सुमारे ९३ अंश सेल्सिअस आढळले. पाणी मारल्यावर ते झपाट्याने उतरले, परंतु वीस मिनिटांतच पुन्हा ७० अंशांच्या वर गेले. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात दुपारी अशा जागेवर अनवाणी मुलांना खेळू देणे धोक्याचे ठरते.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. झिजलेल्या धाग्यांचे व रबरी कणांचे सूक्ष्म प्लास्टिक माती-पाण्यात मिसळते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमानुसार हिरवळीत भरावयाच्या अशा प्लास्टिक कणांच्या विक्रीवर ऑक्टोबर २०३१ पासून बंदी येणार आहे. पाणीबचतीसाठी कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये घरगुती कृत्रिम हिरवळीस कायद्याचे संरक्षण दिले. २०२३ मध्ये मात्र तिच्यावर बंदी घालण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना परत दिला. एका गुणावर भाळून घेतलेला निर्णय पुढे कसा फेरविचारास येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

समारोप :

कृत्रिम हिरवळ काही वर्षांनी झिजते व बदलता येते. तिच्याखाली दाबलेली माती मात्र सहजासहजी पूर्ववत होत नाही. म्हणून संपूर्ण परस न झाकता आवश्यक तेवढीच जागा घ्यावी, मोठ्या झाडांच्या मुळांचा भाग वगळावा, रबरी कणांऐवजी वाळू वापरावी आणि खर्चात प्रथम प्राधान्य पाया व निचऱ्यास द्यावे. जेथे सावली, उतार व पाण्याची वाट या तिन्हींची सोय नाही, तेथे चोपून केलेले मुरुमाचे साधे अंगण हेच मुलांच्या खेळासाठी अधिक श्रेयस्कर होय.